पाण्यावरचं झाकण

पाण्यावर झाकण घालायला सरकारची माणसं येणार आहेत, हे मला पहिल्यांदा अम्मीनं सांगितलं. मी शाळेतून येऊन हातपाय धूत होते. ती विहिरीवरून ऐकून आली होती. "तालाब कू ढक्कन लगाते कते," ती म्हणाली आणि माझ्याकडं बघत उभी राहिली. सरकारनं काही नवं काढलं की त्याचा खुलासा मी करायचा, असं तिनं मला मास्तरकी लागल्यापासून ठरवून टाकलं होतं.

मला हसू आलं. आमचं तळं काही लहान नव्हतं. निजामाच्या काळात बांधलेलं, एका बाजूला दगडी बांध, बाकी तिन्ही बाजूंनी उतरती माळजमीन. पावसाळ्याच्या शेवटी बांधावर उभं राहिलं तर पलीकडच्या काठावरची म्हैस कुत्र्याएवढी दिसायची. त्याच्यावर कसलं झाकण घालणार? पत्र्याचं? ताडपत्रीचं? हसत हसत मी विचार करायला लागले आणि रात्री जेवतानाही तेच डोक्यात होतं.

ते गाव माझं जन्मगाव नव्हे, नोकरीचं गाव. तुळजापूर तालुक्यात, तामलवाडीच्या बाजूला. मी उर्दू शाळेत शिकलेली. अब्बा उर्दू शाळेतच मास्तर होते, ते विलीनीकरणाच्या आधीच वारले. पुढं शाळा मराठी झाल्या आणि माझं शिकवणंही मराठी झालं. घरात दखनी, वर्गात मराठी. आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. मुलींच्या वर्गासाठी बाई पाहिजे म्हणून मला इथं पाठवलं, आणि अम्मी माझ्याबरोबर आली. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत आम्ही दोघींनी जे पाहिलं ते मी इथं लिहीत नाही. एवढंच सांगते, की त्यानंतर अम्मीनं स्वतःला एक नियम घालून घेतला होता. गावात कुठल्याही गोष्टीत पहिलं व्हायचं नाही आणि शेवटचंही राहायचं नाही. विहिरीवर पाणी शेंदायलासुद्धा ती चारदोन बायका होऊन गेल्यावरच पुढं व्हायची.

होळी होऊन गेल्यावर एक दिवस जीप आली. तिच्यातून एक उंच, पिकल्या केसांचे साहेब उतरले, दोन पोरसवदा मदतनीस उतरले आणि मागून पांढऱ्या सुती साडीतल्या एक बाई उतरल्या. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठ्या असतील. पायात पुरुषी सँडल, हातात काचेच्या बाटल्यांची पेटी. ती पेटी त्यांनी कुणालाच उचलू दिली नाही.

संध्याकाळी चावडीपुढं गाव जमलं. साहेब बोलले. केंद्र सरकारची एक विज्ञान संशोधन संस्था आहे, देशभर तिच्या प्रयोगशाळा आहेत, त्यातल्या एकीतून आपण आलो आहोत, असं त्यांनी सांगितलं. उन्हाळ्यात तुमच्या तळ्यातलं पाणी तुम्ही पिता, जनावरं पितात, पण त्याहून कितीतरी जास्त ऊन पितं. ते उडून जातं. आम्ही एक पांढरं मेणासारखं औषध बनवलंय. ते पाण्यावर पसरलं की वर एक पातळ पापुद्रा धरतो आणि पाणी उडायचं कमी होतं. सुरुवातीला तुमच्या तळ्यावर करून बघू, मग बाकीच्यांवर.

गावाला ते पटलं नाही आणि नापटलंही नाही. पोलीस पाटील अनुभवी माणूस. त्यांनी विचारलं, "साहेब, जनावरं प्यायली तर?"

"काही होत नाही."

"काय होत न्हाय हे कशावरनं?"

साहेब उत्तर द्यायला लागले, तेवढ्यात त्या बाई उठल्या. त्यांनी कुणाच्या तरी घरून पितळी परात मागवली, पाण्यानं भरली आणि मला म्हणाल्या, "बाई, चिमूटभर हळद मिळेल?"

हळद आली. त्यांनी ती पाण्यावर भुरभुरवली. पाणी सगळं पिवळं झालं. मग पेटीतल्या बाटलीतून त्यांनी एक पांढरा कण काढला. तिळाएवढा. तो सुईच्या टोकावर घेऊन परातीच्या मध्ये टेकवला.

हळद पळाली. दुसरा शब्द मला अजून सुचलेला नाही. मध्यापासून कडेपर्यंत सगळी हळद एका क्षणात परातीच्या काठाला जाऊन चिकटली, जशी कोणी हातानं लोटली. मधलं पाणी स्वच्छ. पुढं बसलेली माणसं पुढं वाकली, मागची उठून उभी राहिली.

"हळदीला कुणी ढकललं?" बाईंनी विचारलं.

मग त्यांनीच सांगितलं.

"त्या कणानं. तो पाण्यावर पसरला. इतका पातळ पसरला की दिसत नाही. पण त्याला जागा पाहिजे होती, म्हणून त्यानं हळदीला बाजूला केलं."

पाटलांनी परातीत बोट घातलं, वर काढलं, बघितलं, धोतराला पुसलं. "बरं," ते म्हणाले. "करा तुमचं."

मोठे साहेब आणि मदतनीस तुळजापूरच्या डाकबंगल्यावर उतरले होते. पण मोजमाप तांबडं फुटायच्या आत घ्यायचं असे, म्हणून बाईंना गावातच राहायचं होतं. परक्या बाईला ठेवून घ्यायला घर पाहिजे, घरात पुरुषमाणूस नको, असं सगळं बघता गावात एकच घर निघालं, आमचं. अम्मीला ते आवडलं नाही. "कौन जात की है, क्या खाती, क्या नै खाती," ती पुटपुटली. मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी मांस खात नाही. बाकी तुम्ही जे खाल ते." अम्मीनं त्या दिवशी नवी भांडी घासली, वेगळी ठेवली, ज्वारीच्या भाकरी केल्या आणि अंबाडीची भाजी केली. पाहुणी दोन भाकरी खाऊन तिसरीकडं बघायला लागली, तेव्हा अम्मीचा चेहरा जरा सैल झाला. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना ताई म्हणायला लागले आणि अम्मी बेटी म्हणायला लागली.

मला मात्र हळदीनं झोप लागू दिली नव्हती. सकाळी चहा घेताना मी विचारलं, "ताई, तो पापुद्रा दिसत नाही म्हणता. मग तो आहे हे तुम्हाला कसं कळतं?"

त्यांनी कप खाली ठेवला. हा प्रश्न त्यांना आवडला होता, हे त्यांच्या डोळ्यांवरून कळलं. "चला तळ्यावर," त्या म्हणाल्या. "शाळेला वेळ आहे ना?"

बांधाच्या पायथ्याशी मदतनिसांनी रिकाम्या पिंपांवर फळ्या बांधून तराफा केला होता. त्यावर उभे राहून ते औषध पाण्यावर टाकत होते. पीठ चाळावं तसं. साबणाच्या चुऱ्यासारखे पांढरे तुकडे पडायचे आणि जिथं पडतील तिथून पाण्याचं रूप बदलायचं. सकाळच्या मंद झुळुकीनं बाकीच्या तळ्यावर बारीक सुरकुत्या होत्या. औषध पडलं तिथं मात्र सुरकुत्या मिटून पाणी आरशासारखं झालं होतं. तो आरसा वाढत वाढत आमच्याकडं आला.

"हे डोळ्यांनी दिसतं," ताई म्हणाल्या. "पण वारा अजिबात नसला तर सगळंच तळं आरसा दिसतं. तेव्हा हे." त्यांनी पेटीतून तेलाची छोटी बाटली काढली, काडीनं एक थेंब पाण्यावर सोडला. थेंब तसाच राहिला, गोल, मसुरीच्या दाण्यासारखा. मग त्या मला काठाकाठानं पलीकडं घेऊन गेल्या, जिथं औषध पोचलं नव्हतं. तिथं सोडलेला थेंब पडताक्षणी पसरला, इंद्रधनुष्याचे रंग दाखवून नाहीसा झाला.

"इथं जागा मोकळी होती, म्हणून तेल पसरलं. तिथं जागा आधीच भरलेली होती."

मी तो थेंब मनात धरून शाळेत गेले आणि त्या दिवशी मुलींना काय शिकवलं ते मला आठवत नाही. संध्याकाळी चुलीपाशी परात घेऊन बसले. गोडेतेल टाकून पाहिलं, तूप टाकून पाहिलं, मेणबत्तीचा चुरा टाकून पाहिला. साबणाच्या पाण्यानंही हळद पळते, हे मला तेव्हा कळलं, आणि मेणबत्तीनं पळत नाही हेही. का, ते कळलं नाही. अम्मी म्हणाली, "हल्दी मुफत आती क्या?" पण ती माझ्या खांद्यावरून बघत होती.

ताईंनी मला काम दिलं. शाळा भरण्याआधी काठाच्या ठरलेल्या जागी जाऊन तेलाचा थेंब सोडायचा आणि तो राहिला की पसरला ते त्यांना सांगायचं. काठावर त्यांनी पत्र्याची दोन गोल पातेली पाण्यानं भरून ठेवली होती. त्यांतलं पाणी किती उतरतं ते त्या स्वतः बघत. एका पातेल्यात औषध, दुसऱ्यात नाही. पातेल्यात औषधाचा गुण स्पष्ट दिसायचा. औषधाच्या पातेल्यातलं पाणी मागं राहायचं, दुसरं उतरून जायचं. तळ्याचं मात्र तसं होईना.

त्याचं कारण दुपारी कळायचं. आमच्याकडं चैत्रात दुपार झाली की पश्चिमेकडून वारा सुटतो. तापलेला, कोरडा, डोळ्यांत माती घालणारा. सकाळी सगळ्या तळ्यावर पसरलेला तो आरसा वारा गुंडाळून बांधाकडं आणायचा. संध्याकाळी जाऊन बघितलं तर बांधाच्या दगडांना पांढरी साय चिकटलेली आणि बाकीचं तळं उघडं. दुसऱ्या दिवशी पुन्हा औषध, पुन्हा वारा.

"प्रयोगशाळेत वारा नव्हता का?" मी विचारलं.

"पंखा होता," ताई म्हणाल्या आणि जरा वेळानं म्हणाल्या, "पंखा एकाच बाजूनं वाहतो."

त्या बांधावर बसून वारा बघत बसायच्या. खरंच बघत बसायच्या. कुठून शिरतो, कुठं वळतो, बाभळीच्या आडोशाला पाणी किती गप्प असतं. मोठे साहेब वैतागायचे. त्यांना आकडे हवे होते. ताईंना आधी वारा समजून घ्यायचा होता.

अशात धनगरवाड्यावरची एक म्हैस मेली.

धनगरवाडा म्हणजे तळ्याच्या वरच्या अंगाला पाचसहा घरं. तिथली एक विधवा म्हातारी, तिला सगळे मावशी म्हणायचे. मेंढरं तिच्या दिरांकडं गेली होती, तिच्याकडं एक म्हैस होती. दुपारी तळ्यावर पाणी पिऊन वर गेली आणि वाटेतच पडली. तोंडाला फेस आला, पाय ताणले, आणि गेली. बघणाऱ्यांनी एवढंच बघितलं होतं. तळ्यावरून आली आणि मेली.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर एकही जनावर आलं नाही. बांधाखालच्या विहिरीत तळ्याचंच पाणी पाझरून यायचं, म्हणून तीही ओस पडली. बायका डोक्यावर घागरी घेऊन पार शिवेवरच्या मळ्यातल्या विहिरीकडं जायला लागल्या. शाळेत माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली आल्या नाहीत. पाणी आणायला गेल्या होत्या. ज्या आल्या त्यांनी मला तोंडावर विचारलं नाही, पण एकीनं दप्तर सावरत सांगितलं, "बाई, लोकं म्हणत्यात, तुमच्या घरातनंच औषध जातंय पाण्यात."

तुमच्या घरातनं. एवढेच शब्द होते. पण पाण्यात विष कालवलं, हे आमच्यासारख्यांबद्दल बोलायला फार वेळ लागत नाही, हे मला माहीत होतं, आणि अम्मीला माझ्याहून जास्त.

मी घरी गेले तेव्हा अम्मी पाहुणीची वेगळी ठेवलेली भांडी घासून पुसून एका फडक्यात बांधत होती. "बेटी कू बोल, बंगले पे जा के रह," ती म्हणाली. "मेरे कू इस गांव में मरना है. भाग के नै जाना."

ताई दारात आल्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. दखनी त्यांना फारशी कळत नसे, पण भांड्यांचं गाठोडं बघून सगळं कळलं. त्या उंबऱ्यावर बसल्या. साहेबांनी त्यांना निरोप पाठवला होता, की लोकांना समजावून सांगा, औषध निर्धोक आहे, पुरावे आहेत. त्या मला म्हणाल्या, "पुरावे आहेत. उंदरांवरचे आहेत, माशांवरचे आहेत. म्हशीवरचा नाही. आपल्याला खरंच माहीत आहे का, की औषधानं ती मेली नाही?"

मी चकित झाले. "तुम्हालाच शंका आहे?"

"शंका नाही. मला माहीत नाही. उद्या औषध टाकायचं नाही, मी साहेबांना कळवलंय. मला त्या म्हशीच्या मालकिणीकडं नेता का?"

मी अम्मीकडं बघितलं. ती गाठ मारत होती, ती तशीच थांबली. नाही म्हणाली नाही.

आम्ही दोघी उन्हं कलल्यावर धनगरवाड्यावर गेलो. वाटेत दोन घरांची दारं आम्हाला बघून बंद झाली. मावशी कुडापुढं बसली होती, दावणीकडं पाठ करून. आम्हाला बघून उठली नाही. ताईंनी तिच्यासमोर जमिनीवर बैठक मारली.

"मावशी, तुमची म्हैस आमच्या औषधानं मेली असं गाव म्हणतंय. मला माहीत नाही. म्हणून तुम्हालाच विचारायला आले. ती मरायच्या आधी कशी होती, काय खाल्लं, काय प्यायली, सगळं सांगाल का? औषधानं मेली असेल तर आम्ही जीप घेऊन निघून जाऊ. तसं मी स्वतः चावडीवर सांगेन."

मावशीनं त्यांच्याकडं बघितलं. "तू सांगशील?"

"मी सांगेन."

"तुझं काम जाईल की."

"जाईल."

मावशी मग माझ्याकडं वळली. "आन् हिच्या दारात लोकं काय बोलत्यात, ते बी आलंय माझ्या कानावर," ती म्हणाली. नंतर जमिनीवर काडीनं रेघा ओढत राहिली. आम्हाला वाटलं, ती काही बोलणार नाही. आम्ही उठलो. तेव्हा ती म्हणाली, "उद्या चावडीवर या म्हणावं पाटलाला. म्या येते."

सकाळी चावडीपुढं पहिल्या दिवसापेक्षा जास्त गर्दी होती. साहेबही जीप घेऊन आले होते. मावशी डोक्यावरचा पदर नीट करून पाटलांसमोर उभी राहिली.

"पाटील, माझी म्हस तळ्याच्या पाण्यानं न्हाय मेली. तुमच्या रानात मेली."

"माझ्या रानात?"

"तळ्याखालचं तुमचं रान. जवारी काढली, पर खाली वल हाय, बुडख्यांना हिरवे फुटवे आलेत. आमच्याकडं कुटं काय हिरवं ऱ्हायलंय? सोडली म्या तिला आत. दुपारची कुणी नसतंय म्हणून सोडली. म्या बांधावर बसले आन् जरा डोळा लागला. उठून बघितलं तर लई खाल्लं होतं तिनं. तसंच हाकलत तळ्यावर नेली, पाणी पाजलं, आन् वर चढताना पडली."

कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांचे कोवळे फुटवे उपाशी जनावरानं खाल्ले तर ते वाचत नाही, हे गावात लहान पोराला ठाऊक होतं. म्हैस त्या रानात गेली होती, हेच फक्त कुणाला ठाऊक नव्हतं. आणि दुसऱ्याच्या रानात जनावर सोडलं हे कोण आपण होऊन सांगतं?

"मग काल का न्हाय बोललीस?" पाटील म्हणाले.

"तुमी काय म्हणाल म्हणून. आता म्हणा काय म्हणायचं ते. माझी म्हस गेली ती गेली. तिच्यापायी दुसऱ्याच्या दारात कशाला माती जायची?"

पाटलांनी पटक्यावरून हात फिरवला. "काय म्हणू," ते म्हणाले. "राखण्या माझाच झोपला असंल." त्यांनी तो विषय तिथंच सोडला आणि पुढं कधी काढला नाही.

बोलणं संपलं, लोक उठले. पण विहिरीकडं कुणी जाईना. पटलं होतं सगळ्यांना, तरी घागर आधी कुणी बुडवायची हा प्रश्न होता. बायका चावडीच्या बाजूला घोळका करून उभ्या होत्या. मी शाळेकडं निघाले होते. वळून बघते तर अम्मी. घरून घागर आणि पोहरा घेऊन निघाली होती. अंगावर बुरखा, एका हातानं तो सावरलेला. चावडीवरून, सगळ्या पुरुषांसमोरून, ती कधी गेली नव्हती. सरळ बांधाखाली उतरली, पोहरा सोडला, पाणी शेंदलं, ओंजळभर स्वतः प्यायली आणि घागर भरून माघारी आली. तिच्या मागं एक बाई गेली, मग दुसरी. मी शाळेत जायचं विसरून तिथंच उभी होते.

घरी आल्यावर तिनं गाठोडं सोडलं आणि भांडी फडताळात ठेवली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मळे की बावली का पानी खारा है. चाय फट जाती." याहून जास्त ती त्या दिवसाबद्दल कधी बोलली नाही. रात्री पाहुणीला मात्र तिनं आपल्याच थाळीत वाढलं. वेगळी भांडी त्यानंतर निघाली नाहीत.

त्यानंतर गावाचा आणि औषधाचा संबंध बदलला. आधी लोक लांबून बघायचे, आता काठावर येऊन विचारायला लागले. बायकांनी तर स्वतःच शोध लावला. बांधाच्या दगडांवर धुणं धुताना ती पांढरी साय पायांना लागायची. एका बाईच्या टाचांच्या भेगा भरून आल्या. तिनं दुसरीला सांगितलं. आठ दिवसांत बायका डब्या घेऊन बांधावर यायला लागल्या आणि साय खरवडून न्यायला लागल्या. साहेब संतापले. ताईंना हसू आवरेना. "मलमात घालतात हे," त्या मला म्हणाल्या. "मला माहीत होतं, पण सांगायचं सुचलं नाही." अम्मीनं पण एक डबी भरून आणली होती. ती तिनं फडताळात मागं लपवून ठेवली होती.

वाऱ्याचं काय करायचं, ते शेवटपर्यंत सुटलं नाही. ताईंनी कडब्याच्या पेंढ्या दोरीला बांधून तळ्यात आडव्या तरंगत्या रांगा सोडल्या, वाऱ्याला आणि सायीला अडवायला. गावातल्या माणसांनी त्या बांधायला मदत केली, पाटलांनी कडबा दिला. मंद वाऱ्यात त्या रांगा कामाला यायच्या. त्यांच्या आडोशाला आरसा दुपारपर्यंत टिकायचा, आणि मी धावत जाऊन थेंब सोडायचे. थेंब गोल राहिला की मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटायचं. पण वैशाखात एक दिवस वावटळ आली आणि रांगा तोडून पेंढ्या बांधावर फेकून गेली. दोन दिवस गुरांनी त्या खाल्ल्या.

मृगाच्या आधी ते लोक निघाले. जायच्या दिवशी मी ताईंना विचारलं, "पाणी वाचलं का?"

"वाचलं. वाटलं होतं तेवढं नाही."

"मग हे फसलं म्हणायचं?"

"पातेल्यात जे झालं ते खरं आहे. तळ्यावर जे झालं तेही खरं आहे. दोन्हींच्या मध्ये वारा आहे. तो मला अजून येत नाही." कुणी उर्दू येत नाही म्हणावं तसं त्या म्हणाल्या, वारा येत नाही.

त्या वर्षी तळं आटलंच नाही. पण ते औषधामुळं की पाऊस वेळेवर आल्यामुळं, हे सांगणारं गावात कुणी नव्हतं. गावकरी दोन्ही म्हणायचे, ज्याला जे सोयीचं. पुढल्या उन्हाळ्यात जीप आली नाही. ही तऱ्हा दुसऱ्या तळ्यांवरही करून बघतायत असं कानावर यायचं, मग तेही थांबलं. रोज औषध टाकायचं आणि रोज वाऱ्यानं न्यायचं, हे कुणाला परवडणार होतं?

महाराष्ट्र झाल्यानंतर काही वर्षांनी शिक्षकांच्या एका वर्गासाठी मला ताईंच्या शहरात जायला मिळालं. पत्ता माझ्याकडं होता. एका दुपारी मी त्यांच्या प्रयोगशाळेत गेले. लांबच लांब इमारत, झाडं, सायकली. फाटकावरच्या माणसानं आत निरोप पाठवला आणि त्या धावतच बाहेर आल्या. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. पायात तसलेच सँडल. आधी अम्मीची चौकशी केली. ती वारली हे मी सांगितलं, तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि तो न सोडताच मला आत नेलं.

आत त्यांचं टेबल होतं. त्यावर काचेची उंच नळी उभी होती, आणि तिच्यात मोहरीएवढे पिवळट मणी गच्च भरलेले होते. वरून पाणी थेंब थेंब पडत होतं, मण्यांमधून झिरपून खाली पेल्यात जमत होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"वर टाकलंय ते खारं पाणी आहे. मुद्दाम मीठ घातलेलं. चाखून बघा." मी बोट बुडवून चाखलं. खारंच होतं. मग त्यांनी खालचा पेला माझ्या हातात दिला. "आता हे."

मी प्यायले. मीठ गेलं होतं. काही चवच नव्हती.

उमरग्याकडं माझ्या मामाच्या गावात एक विहीर आहे, तिचं पाणी गुरंसुद्धा तोंडात घेत नाहीत. ती माझ्या डोळ्यांसमोर आली. "मीठ कुठं गेलं?" मी म्हणाले. "मण्यांत? मग मणी भरत नाहीत का? आणि भरले की?"

"भरतात. मग ते धुवावे लागतात. ते कशानं धुवायचे आणि किती वेळा, तेच चाललंय सध्या." त्यांनी टेबलाखालून एक स्टूल पायानं ओढलं. त्यावर ठेवलेले कागद उचलून दुसरीकडं ठेवले.

"वर्ग किती वाजता आहे तुमचा?"

"संध्याकाळी."

"मग बसा," त्या म्हणाल्या.